निवेपर्यंत

पुलाच्या चढावर एक ट्रक अडला आणि त्यानं मागे एवढा निळा धूर सोडला की मधल्या सुट्टीचे डबे तसेच उघडे टाकून आमच्या वर्गातल्या सगळ्या मुली खिडकीशी गोळा झाल्या. माझ्या बाकावरची म्हणाली, आजोबा बिडी ओढतायत बघा, आणि सगळ्यांत आधी हसले ती मी. हसताना उघडलेलं तोंड तसंच उघडं राहिलं, कारण धूर जरा बाजूला झाला आणि पिवळ्या केबिनला बसवलेलं हिरवं दार दिसलं. पिवळ्या केबिनला हिरवं दार असलेली गाडी सगळ्या शहरात एकच असणार. ते दार बसवताना बिजागऱ्यांत तेल मी सोडलं होतं. गेल्या वर्षीची मी असते तर हसणं तसंच पुढे ढकललं असतं, गाडी गेल्यावर संडासात जाऊन नळ सोडून उभी राहिले असते. गेल्या वर्षीची मी म्हणजे हजेरीला नाव पुकारलं तरी ओठांतल्या ओठांत पुटपुटणारी. मुलांचा आवाज फुटतो म्हणतात. माझा या वर्षी फुटला. एका सकाळी उठले आणि मला काही म्हणजे काही लपवावंसं वाटेना, ना पुढे आलेले दात, ना मार्क, ना गाडी. तेव्हा मी चांगलं मोठ्यांदा म्हटलं, "ती आमची गाडी आहे." सगळ्या माझ्याकडे वळल्या. मग बाकावरचीच म्हणाली, "मग उभी काय राहिलीस? जा, ढकल." तिला वाटलं असावं मी रडेन. मी भूगोलाच्या बाईंना जाऊन सांगितलं की वडील रस्त्यात अडकलेत, दप्तर उचललं, आणि जिना उतरता उतरता लक्षात आलं की आपल्याला चक्क मजा येतेय.

बाबा खाली उतरलेसुद्धा नव्हते. मागे हॉर्नचा कल्ला आणि हे आपले स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, डॉक्टरच्या खोलीबाहेर माणसं बसतात तसे बसलेले. मी हिरव्या दारानं चढले, तर शाळा का सोडलीस हे विचारायचं भानही त्यांना नव्हतं. "ओढत नाही," एवढंच म्हणाले, घरातलं कुणी जेवत नाही असं सांगावं तसं. मग मी खाली उतरून मागच्या गाड्यांना हात करकरून बाजूला केलं (एका मोटारवाल्यानं मला ट्रकची किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हटलं, मी त्याला सलाम ठोकला), बाबांनी गाडी हळूहळू मागे घेतली, आणि आम्ही पुलाखालच्या लांबच्या रस्त्यानं घराकडे निघालो. सपाटीवर गाडी चालत होती, पण दम लागल्यासारखी. आम्हा दोघांच्या मधे बॉनेट थरथरत होतं. जुन्या गाड्यांचं इंजिन असं केबिनमध्येच असतं, दोन सीटांच्या मधे, वर लोखंडाचं झाकण आणि त्यावर जाड रेक्झिन. इतर मुलांना बापाची मांडी असते, मला बॉनेट होतं. सुट्टीत बाबांबरोबर जायचे तेव्हा त्यावर बसून मी पाढे पाठ केले, चित्रं रंगवली, ताप आला तेव्हा त्याला पाठ टेकून पडले. अक्षर माझं अजूनही हलतं, ते बॉनेटमुळे, असं मी बाईंना सांगते आणि त्यांना खरं वाटत नाही. त्या दिवशी मी त्यावर हात ठेवला. गरम तर नेहमीसारखंच होतं, पण आतून येणारी ती ओळखीची थरथर मधूनच अडखळत होती, जिन्यावर चढताना कुणी बोलायचं थांबावं तशी. ऑइलचा वास घशाशी बसला होता. बाबांना मी एकच विचारलं, बरी होईल ना. त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. मोठ्या माणसांनी अशा वेळी 'होईल की' म्हणायचं असतं, पण त्यांना खोटं बोलायला जमत नाही, विशेषतः गाडीत.

संध्याकाळी मामा आला. मामा जुन्या सुट्या भागांच्या बाजारात दलाली करतो आणि जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्याच्याकडे एक 'माल' असतो. मला तो भोंगा म्हणतो; अगदी लहानपणी मी एवढी रडायचे की माझ्यावर हे नाव पडलं आणि मधली सगळी मुकी वर्षंसुद्धा ते चिकटून राहिलं. त्यानं येतानाच बातमी आणली होती. मिस्त्रीशी त्याचं आधीच बोलणं झालेलं. मिस्त्रीचं म्हणणं होतं, रिंगा गेल्या, लायनर झिजले, इंजिन ऑइल खातंय. म्हणजे आता ते सगळं खोलून, भोकं नव्यानं घासून, पिस्टनपासून सगळं नवं घालून पुन्हा बांधायचं. खर्च मोठा आणि गाडी महिनाभर उभी. मामाचं म्हणणं त्याहून सोपं. मोडीच्या यार्डात एक अपघातातली गाडी आलीय, आपल्याच मेकची, पुढून चेपलेली पण इंजिनाला ओरखडा नाही. ते अख्खं इंजिन उचलायचं आणि बसवायचं, आठवड्यात गाडी रस्त्यावर. "भाऊजी, म्हाताऱ्याचे दात बसवत बसण्यापेक्षा सरळ नवा म्हातारा आणू," तो म्हणाला. यार्डवाला उद्या संध्याकाळपर्यंतच थांबणार होता, त्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक होतं. असं दुसरं गिऱ्हाईक मामाच्या प्रत्येक गोष्टीत असतं, पण कधी कधी ते खरंही असतं. दोन्हींतलं काहीही करायचं तर पैसे एकाच ठिकाणाहून येणार होते, आणि ते ठिकाण आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर होतं. म्हणजे खरंच डोक्यावर. आमच्या घराला वर जाणारा जिना आहे; कठड्यासकट, पक्का, शहाबादीसारख्या गुळगुळीत फरशीचा. वर खोली नाही. खोलीच्या भिंती माझ्या कमरेएवढ्या येऊन थांबल्यात. जिना आधी बांधला कारण गवंडी म्हणाला जिना आधी, आणि खोली पैसे साठतील तशी बांधू असं ठरलं. ती खोली माझी.

कुणी माझ्याकडे बघितलं नाही, आणि त्यावरूनच कळलं की सगळे माझाच विचार करतायत. आई कपड्यांच्या घड्या घालत होती आणि एकाच फ्रॉकची तिनं पुन्हा पुन्हा घडी घातली. मी म्हटलं, "घ्या इंजिन, मला काय, मला जिना पुरतो." सगळे हसले, मामानं पाठ थोपटली, आणि मी माझं औदार्य घेऊन जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसले. तिथं बसायची मला सवय आहे. अर्ध्या भिंतींच्या आत मी सगळं कधीच लावून ठेवलेलं होतं: इकडे खाट, इकडे टेबल, या कोपऱ्यात आरसा, आणि दार आतून लावता येईल अशी कडी. मुख्य म्हणजे कडी. आतून दार लावून मी काय करणार होते कोण जाणे. बहुतेक मोठ्यांदा बोलणार होते. आता एकेक करून ते सामान मी परत खाली नेलं, मनातल्या मनात, आरसा सगळ्यांत शेवटी. वाईट वाटत होतं आणि त्या वाईट वाटण्याचंही जरा कौतुक वाटत होतं, आपण किती मोठ्या झालो असं. पण त्याच्याखाली आणखी काहीतरी हलत होतं आणि त्याचा खोलीशी संबंध नव्हता. ते दुसरं इंजिन. कुठल्यातरी अनोळखी घराला ते जेवायच्या वेळी येऊन पोचलं असेल. कुणीतरी त्याचा आवाज ऐकून ताट घेतलं असेल. तेच आता आमच्या बॉनेटखाली येऊन बसणार, आणि बाबा त्याच्या बाजूला बसून आयुष्यभर ते ऐकणार. बाबांचा म्हणून जो आवाज मला माहीत आहे त्यात निम्मा आवाज इंजिनाचाच आहे. ते बोलतातच मुळी गाडीवरून ओरडून, घरातसुद्धा. हे बदललं तर ते कुठल्या पट्टीत बोलतील? खाली मामा निघाला होता. मी कठड्यावरून वाकून विचारलं, त्या गाडीचा ड्रायव्हर कुठं आहे. मामा चप्पल घालता घालता थांबला. "इंजिनाबरोबर ड्रायव्हर येत नाही गं भोंग्या," तो म्हणाला, आणि मग जरा वेळानं, आपल्याला ठाऊक नाही, हे कबूल केल्यासारखं, "बरा असेल."

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती आणि आम्ही सगळेच गॅरेजला गेलो. आई डबा घेऊन आली होती, पण डबा हे निमित्त. तिला बाबांच्या तोंडून निर्णय ऐकायचा होता, कारण बाबा घरी निर्णय सांगत नाहीत, नुसता करतात. गॅरेज म्हणजे एक लांबट पत्र्याची शेड, जमीन ऑइलनं काळी आणि मऊ झालेली, चपलेला धरून ठेवणारी. मिस्त्री जाडा आणि बोलका. त्याच्या मते या शहरात दोनच डॉक्टर, एक तो आणि दुसरा त्याचा गुरू, आणि गुरू वारला. त्यानं गाडी चालू ठेवून ऑइल ओतायच्या तोंडावरचं झाकण काढलं आणि आम्हाला बोलावून दाखवलं: आतून भकाभका वाफारा येत होता. बघा, धापा टाकतंय, तो म्हणाला, एखादा पैलवान चितपट करून दाखवावा तशा आनंदानं. मामा म्हणाला, तेच म्हणतोय मी, याच्यात पैसे घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मिस्त्री म्हणाला, तुमचा तो यार्डातला माल तरी कुणी चालवून बघितलाय? दोघं एकमेकांना इंजिनाच्या नावानं बोलत होते आणि बाबा फडक्यानं बाजूचा आरसा पुसत होते. आरसा स्वच्छ होता. बाबांचं ठरत नसलं की ते काहीतरी पुसतात. मला त्यांचा चेहरा आरशात दिसत होता, थोडा वाकडा, कडेला पसरलेला, आणि त्यात मला एकदम कळलं की ते यार्डातल्या इंजिनाला हो म्हणणार आहेत, आणि का, तेही कळलं: त्यात दिवस कमी मोडतात म्हणून नव्हे, तर ते थोडं स्वस्त होतं म्हणून, म्हणजे खोलीसाठी पत्र्यापुरतं तरी काही उरेल म्हणून. माझ्या कडीसाठी ते अनोळखी आवाजाशेजारी बसायला निघाले होते. छातीत काहीतरी गोड आणि असह्य झालं. काहीतरी बोलायलाच हवं होतं, काय ते सुचत नव्हतं.

आई गाडीच्या आवाजानं कानांवर हात धरून उभी होती, ते बघून मिस्त्रीनं गाडी बंद केली आणि तिला म्हणाला, "वहिनी, मालक पहाटे येतात ना गाडी घेऊन? अख्खी गल्ली जागी होत असेल." मला विषय मिळाला. बोलायलाच निघाले होते, सुटलेच. म्हटलं, छे, आमची गाडी मुकी येते. बाकीच्यांच्या गाड्या घरी येताना भुंकतात, आमची मांजरासारखी येते. गल्लीच्या तोंडाशी, पाण्याच्या टाकीपाशी बाबा ती बंदच करतात आणि उतारावरून तशीच घरंगळत दारात आणतात, मी लहानपणी समजायचे की ट्रकसुद्धा घर आलं की झोपतात. मी सगळ्यांना हसवायला म्हणून सांगत होते. मामा हसलाही. मिस्त्री हसला नाही. त्याचा हात ऑइलच्या झाकणावर तसाच राहिला.

"टाकीपाशी बंद करता? तो मोठा चढ चढून आलात की लगेच?"

बाबा म्हणाले, हो.

"थांबत नाही जरापण? नुसती चालू ठेवून?"

"कशाला थांबायचं? तिथंच तर बंद करायची असते."

"रोज?"

बाबांनी फडकं खिशात कोंबलं. चोरी पकडल्यासारखे ते माझ्याकडे बघत होते. "ही लहान होती तेव्हापासून," ते म्हणाले. मग बाकीचं आईनं सांगितलं, कानांवरचे हात काढून. मी रात्रभर झोपायची नाही. थोपटून, फिरवून, मिनतवाऱ्या करून पहाटे कुठं डोळा लागायचा, आणि नेमकी तेव्हाच गाडी यायची, की पुन्हा भोंगा सुरू. एकदा आईनं दारातच सांगितलं, पुन्हा असा आवाज करत आलात तर गाडीतच झोपा. तेव्हापासून ते टाकीपाशी बंद करतात. मी मोठी झाले, घोडे विकल्यासारखी झोपू लागले, पण त्यांचा हात आपला टाकी आली की किल्लीवर जायचाच. मिस्त्रीनं आधी त्यांना चांगलं झापलं, उतारावर ब्रेकची हवा संपली असती तर गाडी दारासकट घरात आली असती म्हणून. आणि मग तो गाडीखाली शिरला, तोपर्यंत ज्याच्याकडे त्यानं बघितलंही नव्हतं तो एक जाड रबरी पाइप त्यानं सोडवला, आणि तो वाकडा केल्यावर त्यातून ऑइलची धार लागली. पाइप ज्या गोगलगाईसारख्या लोखंडी डब्यातून आला होता त्यात बोट घालून त्यानं मला आत बघायला सांगितलं. आत एक छोटा पंखा होता. टर्बो म्हणतात त्याला. इंजिनाचा जळका धूर जाता जाता तो फिरवतो आणि तो इंजिनात हवा कोंबतो, म्हणून गाडी चढ चढते. त्याला वंगण इंजिनाकडून मिळतं. मिस्त्री बोटानं पंखा हलवत होता आणि तो दुधाच्या दातासारखा इकडून तिकडे डुलत होता. चढ चढून आलेली गाडी लगेच बंद केली की वंगण थांबतं, पंखा मात्र लालबुंद तापलेला, तसाच कोरडा फिरत राहतो. म्हणून आधी जरा वेळ नुसती चालू ठेवून त्याला निवू द्यायचं असतं. रोज थोडा थोडा झिजून शेवटी तो ऑइल थांबवेनासा झाला, ते ऑइल इंजिनात जाऊन निळा धूर होऊ लागला, आणि त्याच्याच दाबानं इंजिन धापा टाकायला लागलं. "मीसुद्धा इंजिनावरच अडून बसलो," मिस्त्री म्हणाला, गुरूचं नाव न घेता. "रिंगा म्हाताऱ्या आहेत, नाही म्हणत नाही. पण म्हातारं म्हणजे मेलेलं नव्हे. एवढा पंखा बदलू. मग अजून काही वर्षं हेच ओढेल."

मामानं यार्डवाल्याला फोन लावला आणि बाजूला जाऊन बराच वेळ त्याच्याशी बोलला. येऊन म्हणाला, त्याच्याकडे टर्बो आहे, चांगला, माझ्यावर विश्वास ठेवा. मिस्त्री म्हणाला, आधी मी बघेन. आईनं डबा उघडला आणि सगळे उभ्याउभ्या जेवलो. मी मात्र त्या डुलणाऱ्या पंख्यापाशीच होते. मला वाईट वाटायला हवं होतं, नाही का? गाडीचा दम माझ्या झोपेपायी गेला होता. पण खरं सांगायचं तर वाईट वाटलंच नाही. श्रीमंत वाटलं. ज्या पहाटा मला आठवत नाहीत, कारण मी झोपलेली होते, त्या सगळ्यांत कुणीतरी माझ्यासाठी अशा पायांच्या बोटांवर चालत गेलं होतं, आणि तेही एवढं मोठं धूड घेऊन. झोपेचा कुणी हिशेब ठेवत नाही. माझ्या झोपेचा मात्र लोखंडाच्या पात्यांवर झिजून झिजून ठेवला गेला होता, आणि तो मी बोटानं हलवून बघितला. पातं कडेला गुळगुळीत झालेलं, नखासारखं पातळ. मिस्त्रीला ते मागायचा विचार आला, पण मागितलं नाही. आपल्या नावानं झिजलेली वस्तू आपल्याकडेच हवी असं कुठंय.

गवंडी पुढच्या आठवड्यात आला आणि भिंती माझ्या खांद्याएवढ्या झाल्या. मी आरसा परत वर नेला, मनातल्या मनात. गाडी शाळेसमोरचा पूल पाठीवर सगळा माल घेऊन चढली. मी वर्गातून बघितलं, आणि बाकावरचीला बघायला लावलं, ती म्हणाली, दिसला गं बाई तुझा आजोबा, बस आता. पण खरी गंमत त्याच्या दुसऱ्या पहाटेची. मी घोडे विकून झोपले होते आणि एकदम खाटेसकट हलले. दारात खडखडाट, खिडकीच्या काचा थरथरताहेत, समोरच्या घरातला दिवा लागला, शेजारच्या काकूंनी खिडकी उघडून विचारलं, भूकंप आहे की भाऊजी आलेत? बाबा टाकीपाशी न थांबता इंजिन चालू ठेवून खाली आले होते आणि आता दारात गाडी नुसतीच चालू ठेवून आत बसून होते, मिस्त्रीनं सांगितल्याप्रमाणे. मी अंगावर शाल ओढली आणि बाहेर आले. बाबा घरी आल्याचा क्षण मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. हिरवं दार आतून उघडलं गेलं. मी चढून बसले.

आम्ही दोघंही काही करत नव्हतो. गाडी जात नव्हती, त्यामुळे बघायला रस्ता नव्हता. घर दोन पावलांवर होतं, पण उतरायचं नव्हतं. समोरच्या काचेवर धूळ होती आणि तिच्यात उजेड हळूहळू उतरत होता. बाबांनी न विचारता सांगितलं की वाटेत एका ठिकाणी रस्त्यावर खूप बगळे बसलेले होते आणि हॉर्न वाजवूनही हलले नाहीत, मग हेच थांबले. मग मी मला वक्तृत्वात घेतलंय ते सांगितलं. कुठल्या विषयावर, त्यांनी विचारलं, आणि मी सांगितलं, आणि ते म्हणाले, मला म्हणून दाखव. आणि मी म्हणून दाखवलं, इंजिनाच्या वरताण आवाज काढून, कारण त्याशिवाय ऐकूच गेलं नसतं. मधे मी एक ओळ विसरले. त्यांना कळलं नाही, किंवा कळलं. आई दारात येऊन, हातानंच, काय चाललंय म्हणून विचारून आत गेली. भाषण संपलं तेव्हा बॉनेटची थरथर सारखी आणि सावकाश झाली होती, आणि उष्णतेचा काटा केव्हाच खाली उतरला होता.

मी म्हटलं, "करू बंद?" माझा हात किल्लीजवळ होता.

"थांब," बाबा म्हणाले. "अजून गरम आहे."

ज्यांना गाडीत खोटं बोलता येत नाही त्यांनी हे माझ्याकडे न बघता सांगितलं. मी हात मागे घेतला.